खळ्यावर पाहू

धाड गावच्या पुंजाजीने चौदा वर्षं मुंबईत ट्राम चालवली आणि चौदाही वर्षं उभ्याने चालवली. ट्रामच्या ड्रायव्हरला बसायला जागाच नसते, हे धाडमध्ये कुणाला खरं वाटत नसे. डोक्यावर टोपी, अंगात पितळी बटणांचा कोट, पगार महिन्याच्या महिन्याला, आणि माणूस दिवसभर उभा? "मंग तुह्यापेक्षा आमचा धुरकरी बरा बे," कडूबा त्याला पारावर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बैलाच्या मागं का होईना, बसून तं हाकते." कडूबा त्याच्याच आळीतला, वयाने मोठा शेतकरी, जिभेला हाड नसलेला. पुंजाजी हसला, पण ते बोलणं त्याला लागलं. पुढे ट्रामच्या फळीवर उभं राहून पिंढऱ्या भरून आल्या की त्याला हटकून कडूबा आठवे.

तसं मुंबईत त्याचं वाईट चाललं नव्हतं. लालबागेत एका खोलीत नऊ जण, जेवण खानावळीत, झोप पाळीपाळीने. त्या नवातलाच नारायणराव हा साताऱ्याकडचा, ट्रामवर कंडक्टर, पुंजाजीचा जिवलग. त्याला हिशेबाची भारी हौस. मुंबईसारखं स्वस्त गाव पृथ्वीवर नाही, असं तो छातीठोक सांगे. एका आण्यात माणूस म्युझियमपासून दादरपर्यंत जातो, तोही वारा खात, दोन मजली गाडीतून. बोलणं खोटं नव्हतं. पण पुंजाजी मनात दुसराच हिशेब मांडी. शहरात हलायला काही लागत नाही, थांबायला लागतं. टेकायला भाडं, झोपायला भाडं, कोथिंबिरीच्या काडीलाही पैसा. गावात सगळं उलटं. तिथे थांबायला दमडी लागत नाही, पण बुलढाण्याला जायचं म्हटलं की माणूस आदल्या दिवसापासून चपला शोधतो. दोन्हीतलं स्वस्त कोणतं, हे त्याला काही ठरवता येत नसे.

गावी गीताबाई होती, दोन पोरी होत्या, आणि वाटणीला आलेली चार एकर मुरमाड जमीन होती. ती थोरला भाऊ उकंडराव बटईने करी. पुंजाजी वर्षातून एकदा, वैशाखात, महिनाभराच्या रजेवर येई. पहिले आठ दिवस पोरी त्याला ओळखत नसत आणि शेवटचे आठ दिवस गीताबाई त्याच्याशी धड बोलत नसे. पहिल्याचं त्याला वाईट वाटे, दुसऱ्याचं कळत असे.

मग एके वर्षी मुंबईतल्या ट्राम बंद झाल्या. ज्यांना बस शिकायची त्यांनी शिकावी, ज्यांना घरी जायचं त्यांनी आपला हिशेब घेऊन जावं, असं ठरलं. नारायणराव बसवर गेला. पुंजाजीने पैसे घेतले, ट्रंक भरली आणि मलकापूरला उतरला. तिथून त्याने सरळ घरची वाट धरायची. पण शहाणपण असं वेळेवर सुचलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच पडलं नसतं. मलकापुरात एका जिनिंगवाल्या शेठने नवी मोटार घेतली होती आणि जुनी काळी ऑस्टिन विकायला काढली होती. पुंजाजीने तिचं दार उघडलं, सीटवर बसला, आणि उठेचना. दोन चांगल्या बैलजोड्यांना पडतील तेवढे पैसे मोजून त्याने ती घेतली. ट्रामला रूळ असतात, मोटारीला वळवावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. शेठच्या ड्रायव्हरने त्याला पंधरा दिवस शिकवलं, परवाना मिळवून दिला आणि निरोप देताना कपाळाला हात लावला.

राजूरच्या घाटात गाडी तीनदा तापली, तीनदा तिला पाणी पाजावं लागलं. धाडच्या वेशीवर म्हशी आडव्या बसल्या होत्या. पुंजाजीने चौदा वर्षांच्या सवयीने घंटा वाजवायला पाय जोरात आपटला. ट्रामची घंटा पायाखाली असते. ऑस्टिनच्या पायाखाली ब्रेक होता. गाडी गचकन थांबली, बंद पडली, आणि पुंजाजीचं कपाळ काचेवर आपटलं. म्हशी काही उठल्या नाहीत. गाव मात्र सगळं गोळा झालं.

उकंडराव आला, त्याने गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पुंजा, याले कडबा किती लागते?"

गीताबाईने गाडीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि घरात गेल्यावर मात्र स्पष्ट बोलली. ती फार बोलणारी बाई नव्हती, म्हणून तिचं बोलणं ऐकावंच लागे. "पैसा तुमचा होता, तुमी घातला. म्या काई म्हनत नाई. पन एक सांगते. येत्या संक्रांतीपावतर या गाडीनं घर चालवलं तं चालवलं. नाई चाललं तं इकून टाका अन् मुंबईले जा, म्या तोंड उघडनार नाई. पन रोज रोज जाऊ का राहू असं मले आयकू देऊ नका." पुंजाजीने मान हलवली. म्हणजे त्या दिवसापासून तो घरी राहणार की पुन्हा वैशाखाचा पाहुणा होणार, हे त्या काळ्या ऑस्टिनवर ठरायचं होतं.

ऑस्टिन खायला लागली. पेट्रोल बुलढाण्याशिवाय मिळत नव्हतं, आणि बुलढाण्याला जायला पेट्रोल लागत होतं. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. टायर झिजले, पंखा पडला, रोज सकाळी हँडल मारून मारून पुंजाजीचा खांदा सुजला. पण गाडी चालू झाली की तो राजासारखा बसे. गावाला गरजाही बऱ्याच होत्या. एसटी दिवसातून दोनदा, तीही आपल्या मर्जीने. कुणाची कोर्टाची तारीख, कुणाच्या इंजिनाचा पिस्टन, कुणाची बाळंतीण. लोक येऊन म्हणू लागले, पुंजाजीभाऊ, जरा बुलढाण्याले सोड.

इथे पुंजाजीने चूक केली. ती कोणत्याही मुंबईकराने केली असती, पण धाडच्या माणसाने करायची नव्हती. त्याने शाळेच्या फळ्यासारखी एक फळी रंगवून घेतली, तीवर भाडं लिहिलं, आणि ट्रामचा नियम लावला: आधी पैसे, मग बसा. कडूबाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून गाडी दारात आली. व्याही, विहीण, दोन नणंदा, सगळे उभे. लेक मागच्या सीटवर नीट बसली तेव्हा पुंजाजीने खिडकीतून हात बाहेर काढला आणि कडूबापुढे धरला. "दोन रुपये."

त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ट्रामच्या दारात त्याच्यादेखत रोज हजार हात पुढे येत. पण व्याह्यांसमोर, लेकीच्या बाळंतपणाला, शेजाऱ्याने हात पुढे करून रोकडे पैसे मागावे? कडूबाचा चेहरा काळवंडला. कनवटीची गाठ सोडून त्याने दोन रुपये दिले आणि एक अवाक्षर बोलला नाही. ज्या माणसाची जीभ गावात सर्वांत लांब, तो गप्प राहिला, यावरून काय ते समजावं. त्या दिवसापासून ऑस्टिनला बसणारं कुणी उरलं नाही. लोक एसटीची वाट बघत पारावर बसत, पुंजाजीला रामराम करत, आणि गाडी निंबाखाली उभी राही. पावसाळाभर कोंबड्यांनी तिच्याखाली आसरा केला.

एक माणूस तेवढा सोमवारी सकाळी येई. माणिकराव. बौद्धवाड्यातला, मॅट्रिक झालेला, बुलढाण्याला जिल्हा परिषदेत कारकून. आठवडाभर तो तिथेच एका खोलीत राही, शनिवारी म्हाताऱ्या आईकडे येई, सोमवारी परत जाई. पहिल्याच दिवशी त्याने पेट्रोलचे पैसे पुंजाजीच्या हातावर ठेवले होते, फळीवर लिहिलेल्याहून दोन आणे जास्त, आणि पुढच्या सीटवर बसला होता. तो पुढे बसतो हे एक-दोघांना खुपलं, तसं ते बोललेही. पुंजाजीने उत्तर दिलं होतं, "ट्राममंदी जो आंधी येते तो पुढं बसते. तुमी आंधी या." आधी यायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळे ते प्रकरण तिथेच मिटलं.

"तुमालेच काऊन राग नाई आला फळीचा?" पुंजाजीने त्याला एकदा विचारलं.

"म्या एका सालची गोष्ट सांगतो," माणिकराव म्हणाला. "सहा डिसेंबरले दादरले गेल्तो. ट्राममंदी बसलो. कंडक्टर आला, पैसा घेतला, तिकीट फाडून देल्लं, पुढं गेला. नाव नाई इचारलं, गाव नाई, काई नाई. पुंजाजीभाऊ, मले लय बरं वाटलं. तिकीट म्या अजून सांभाळून ठेवलं हाये."

ती ट्राम कदाचित आपणच चालवत असू, असं पुंजाजीच्या मनात आलं. त्याला एकदम अभिमान वाटला, आणि तो त्याने माणिकरावाला सांगितलाही. दोघंही बुलढाण्यापर्यंत खुशीत गेले.

गावाशी समेट व्हायला पोळा उजाडावा लागला. कडूबाची लेक सुखरूप बाळंत झाली होती, नातू झाला होता, आणि फार दिवस गप्प राहणं कडूबाच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. तो एका दुपारी निंबाखाली आला. "पुंजा, एक गोष्ट सांग. तिफन मोडली तं सुतार मले आंधी पैसे मांगते काय?"

"नाई."

"मंग? तो सालभर काम करते अन् म्या खळ्यावर त्याची टोपली भरतो. कुंभाराची भरतो, न्हाव्याची भरतो. तुह्या गाडीचं बी खळ्यावर पाहू. पन ते हात पुढं करनं सोड बे. मानसात शोभत नाई."

फळी त्याच दिवशी चुलीत गेली. दुसऱ्या दिवशी गाडीत पाच जण होते, तिसऱ्या दिवशी सात. जो उतरे तो म्हणे, खळ्यावर पाहू. उकंडराव तर तेही म्हणत नसे. भावाची गाडी म्हणजे आपलीच, अशा थाटात तो दर तारखेला पुढे येऊन बसे. पुंजाजी गाडी हाके, पेट्रोल भरी, आणि मनात कुढे. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि आयजी म्हणजे मी. गाठीचे पैसे दिवाळीत संपले. गीताबाईने चांदीचे वाळे काढून दिले तेव्हा तिने काही म्हटलं नाही. त्याने मात्र त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली.

पौषात, ज्वारीची कणसं खळ्यावर पडली आणि मळणी सुरू झाली तेव्हा नारायणराव धाडला आला. चार दिवसांची रजा काढून, मुद्दाम. त्याच्या ओळखीने माटुंग्याकडच्या एका कारखान्यात कामगारांची बस चालवायला माणूस हवा होता. संक्रांतीपासून हजर व्हायचं. पगार ट्रामपेक्षा बरा. गीताबाईने त्याच्यासाठी मांडे केले. तो पोटभर जेवला, ओसरीवर टेकला, आणि हौस दाबून किती दाबणार, हिशेबाला बसला.

"बघ पुंजाजी, मुंबईत तुला खोली, खानावळ, चहा, नाटक-तमाशा धरून जेवढं लागत होतं ना, तेवढं तुझी ही काळी म्हैस एकटी खाते. पेट्रोल, टायर, दुरुस्ती. आणि तिकडे मी दिवसभर शहर पालथं घातलं तरी खिशातून जातात किती? चार-सहा आणे. तिकडे गाडी माझी नाही म्हणून मी सुखात आहे. इकडे गाडी तुझी आहे म्हणून तू रात्री झोपत नाहीस."

"इथं भाडं नाई," पुंजाजी म्हणाला. "खानावळ नाई. दोन घरं चालवा लागत नाई."

"ते धरलं की मी. तरी पण गाडीने काहीतरी आणलं पाहिजे. काय आणते ती?"

पुंजाजीने सांगितलं, खळ्यावर पाहू. नारायणराव आधी हसला, पण मग गंभीर झाला. त्याच्या साताऱ्याकडेही बलुतं होतं; त्याला ते माहीत होतं. त्याने गावात किती खळी, एका खळ्यावर किती टोपल्या, बाजारात ज्वारीचा भाव काय, असं सगळं विचारलं आणि बोटांवर बराच वेळ मोजलं. "अरे, मग जमतंय की," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचाच चेहरा थोडा उतरला. "सगळ्यांनी घातलं तर सहज जमतंय. माणिकरावाची रोकड आणि विकलेली ज्वारी यांवर पेट्रोल, उरलेल्या ज्वारीवर घर. तू जाऊन बसणार ना खळ्यावर?"

दुखणं नेमकं तिथे होतं. गावात पहिलं खळं उकंडरावाचं व्हायचं. तिथे ज्याची टोपली भरेल त्याची पुढे गावभर भरायची, ही जुनी रीत. आणि उकंडरावाने कालच धाकट्या भावाला बोलावून सांगितलं होतं. "लोकं काई बी म्हनोत. आपन कुनबी हाओत. आपन बलुतं घालतो, बलुतं घेत नाई. तू जर का सुतार-न्हाव्याच्या रांगेत टोपली घेऊन बसला तं बापाच्या नावाले काय राह्यलं? भूक लागली तं माह्या घरी ये, दोन घास देईन." पुंजाजीला ते पटलंही होतं. चौदा वर्षं तो मुंबईत कुणाच्याही शेजारी उभा राहिला, कुणाचंही उष्टं भांडं विसळून पाणी प्याला. पण धाडच्या खळ्यावर, ओळखीच्या शंभर डोळ्यांसमोर, टोपली पुढे करायला तो धजेना. कुणब्याचा पोर तो शेवटी कुणब्याचाच पोर.

त्या शनिवारी त्याने माणिकरावाला हे सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगायची त्याला लाज वाटली असती. माणिकराव कडक आवाजात बोलला.

"माहा बाप त्या खळ्यावर बसत होता. सगळ्यात शेवटी, लांब. आमी छप्पनच्या साली ते सोडलं, अन् मी मरेपावतर कोनाचं बलुतं घेनार नाई. मले तं रोकडच पाहिजे अन् रोकडच देईन. पन तुह्यी गोष्ट वेगळी हाये, पुंजाजीभाऊ. माह्या बापाले नाई म्हनता येत नव्हतं. काम केलं नाई तं मार, केलं तं उरलंसुरलं. तुले कोनी धरून आनलं काय? तू उद्या गाडी उभी केली तं तुले कोन इचारते? ज्याले नाई म्हनता येते त्यानं घेतलं तं ती मजुरी. आता तुले मजुरीचीच लाज वाटून राह्यली असन, तं मंग जाय मुंबईले. तिथं लाज कोनी पाह्यत नाई."

पुंजाजीला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसलाच. घरी येऊन त्याने गीताबाईला सांगितलं की आपण नारायणरावाबरोबर जाणार; गाडी मलकापुरात विकायची, तिथूनच आगगाडी धरायची. गीताबाई तवा घासत होती. ती म्हणाली, "बरं." ठरल्याप्रमाणे तिने तोंड उघडलं नाही, आणि तेच त्याला सगळ्यात जड गेलं.

निघायच्या सकाळी ती घरात नव्हती. चुलीवर चहाचं आधण होतं, पोरी उठून बसल्या होत्या, भाकरी बांधून ठेवल्या होत्या, ती नव्हती. पोरींना विचारलं तर त्या म्हणाल्या, मायनं मोठी टोपली नेली. शेण आणायला गेली असेल, असं म्हणून पुंजाजी थोडा थांबला, मग त्याला तिचा राग आला, मग स्वतःचा. आपल्याला निरोप द्यायलाही ती थांबली नाही, हे त्याच्या फार मनाला लागलं. ट्रंक मागे टाकून, नारायणरावाला शेजारी घेऊन त्याने गाडी काढली.

बुलढाण्याच्या रस्त्याला लागूनच उकंडरावाचं खळं. रास तयार होती, तिची पूजा झाली होती, आणि बलुत्याची रांग बसली होती. सुताराची झुंबरबाई, तिच्याशेजारी कुंभारीण, मग न्हावी, मग परीट. आणि सगळ्यात शेवटी, डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर ओढून, पुढ्यात मोठी टोपली घेऊन गीताबाई. पुंजाजीने ब्रेक दाबला.

खळ्यावर सगळं थबकलेलं होतं. बलुतं धन्याने स्वतःच्या हाताने घालायचं असतं. गड्याने घातलं तर तो अपमान. उकंडरावाने चौघांच्या टोपल्या भरल्या होत्या आणि पाचवीपुढे येऊन तो भरलं सूप हातात धरून उभा होता. टोपली धाकट्या भावजयीच्या हातात होती. जेठाने, म्हणजे थोरल्या दिराने, भावजयीच्या अंगावर सावलीसुद्धा पाडायची नाही, तिने त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही. तिच्या हातातल्या टोपलीत वाकून धान्य घालणं तर दूरच. घालता येत नव्हतं, आणि रांगेत बसलेल्या बाईला उठ म्हणता येत नव्हतं. पहाटेपासून गीताबाई तिथे बसली होती ती हे पुरतं ओळखून. झुंबरबाई पदराआड हसत होती. कडूबा बांधावर बसून तंबाखू मळत होता आणि आयुष्यात दुसऱ्यांदा गप्प होता.

उकंडरावाचे हात भरून आले. त्याने गाडीकडे पाहिलं. "पुंजा," त्याने हाक मारली, "इकडं ये. तुह्या बायकोले घरी ने. घरी पाठवतो म्या दोन पोते. मंग तं झालं?"

पुंजाजी खाली उतरला. खळ्यापर्यंतची ती पावलं त्याला फार लांब वाटली. गीताबाईच्या शेजारी जाऊन तो उभा राहिला. पदराखालून टोपलीचा काठ तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलेला त्याला दिसला. ती घाबरलेली होती. चौदा वर्षं सासर एकटीने निभावलेली बाई, गावासमोर रांगेत शेवटी बसली होती, आणि उठली नव्हती. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत.

"घरी पाठवलं तं ते भावाचं देनं होईन, दादा," तो म्हणाला. "तुमच्या सगळ्या तारखा म्या बुलढान्याले नेल्या. इंजिनाचं चाक आनलं. मले गाडीचं पाहिजे."

तो खाली बसला, गीताबाईच्या हातातली टोपली त्याने आपल्या हातात घेतली आणि भावापुढे धरली.

उकंडरावाने सूप उपडं केलं. ज्वारी टोपलीत पडली, आणि त्याने दुसरं सूप भरून आणलं. सुताराला त्याने चार घातली होती. पुंजाजीला त्याने चार घातली, मग राशीकडे वळला, परत आला आणि पाचवं घातलं. "लेकाचा, ती गाडी बी खायले लागते," तो कुणाकडेही न पाहता पुटपुटला. बांधावरून कडूबाने ओरडून सांगितलं की परवा माझं खळं आहे, टोपली मोठी आण.

नारायणराव गाडीतून सगळं बघत होता. पुंजाजी टोपली घेऊन आला तेव्हा त्याने न सांगता मागची ट्रंक खाली उतरवून टोपलीला जागा केली, आपली पिशवी तेवढी मांडीवर घेतली. "मला मलकापूरपर्यंत तरी सोडशील की तिकीट काढू?" त्याने विचारलं.

"सोडतो ना," पुंजाजी म्हणाला.

गीताबाई गाडीजवळ आली. पदर तिने आता थोडा मागे घेतला होता. ट्रंक तिने एकटीने उचलून डोक्यावर घेतली आणि निघताना वळली. लग्न झाल्यापासून नवरा गावाबाहेर निघाला की तिने कधी काही विचारलं नव्हतं; विचारण्यासारखं काही नसेच.

"जेवायले कवा येसान?" तिने विचारलं.

"सांजेले," पुंजाजी म्हणाला, आणि हँडल मारायला पुढे गेला.